पहिला फॉलोअर

छाया आंजी मोठीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शनिवारी शाळा सकाळची असे, म्हणून दुपारच्या बसने ती वर्ध्याला जायची आणि सायबर कॅफेत तासभर बसायची. हे २००९ सालचं. गप्पा मारायला ती जात नसे. वाचायला मजा येईल आणि चार गोष्टी कळतील असं कोण लिहितं, ते शोधायला जायची. सापडलेली नावं डायरीत उतरवायची. कोणी ताऱ्यांवर लिहायचं, तर कोणी जुन्या नाण्यांवर.

जानेवारीत तिला एक मराठी ब्लॉग सापडला, 'पांदणीतल्या भाज्या', म्हणजे शेताकडच्या वाटेवर उगवणाऱ्या. त्यावर एकच नोंद होती, केना नावाच्या रानभाजीची. पान कसं ओळखायचं, कोवळं कधी खुडायचं, कुठे उगवतं ते लिहिलं होतं. भाषा साधी, पण शेजारी उभं राहून कोणी दाखवतं आहे असं वाटावं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. तिने लगेच फॉलो केलं. खाली आकडा उमटला, फॉलोअर १.

पुढे दर शनिवारी एक नवी नोंद येई. तरोटा, कुंजरू, चिवळ, वाघाटी. छाया वहीत उतरवून घ्यायची आणि सोमवारी वर्गात सांगायची. एकदा तिचं लक्ष वेळेकडे गेलं. नोंद तीन वाजून बारा मिनिटांची होती आणि घड्याळात तीन बाराच वाजले होते. पुढच्या शनिवारी ती मुद्दाम उशिरा, साडेचारला गेली. नोंद साडेचारची निघाली.

वाघाटीच्या नोंदीत जागाही दिली होती, पुलगावजवळच्या नाचणगावच्या पांदणीत वाकलेल्या बाभळीपाशी. छाया एका रविवारी तिकडे गेली. बाभूळ होती आणि तिच्यावर वाघाटीचा वेल चढला होता. गावात तिने विचारलं, रानभाज्यांची माहिती कोणाला आहे. सगळ्यांनी एकच घर दाखवलं, प्रभाकररावांचं. तीस वर्षं पायी टपाल वाटून ते निवृत्त झाले होते.

तिने त्यांना वहीतून केन्याची नोंद वाचून दाखवली.

"हे बोलनं माह्यं हाये," ते म्हणाले. "पन मी कोनाले सांगतलं नाई. कम्प्युटर त मी पाह्यला बी नाई. तुमाले कोनं सांगतलं, बाई?"

छाया ब्लॉगचं सांगू लागली, तोवर प्रभाकरराव अंगणाच्या कडेला बोट दाखवून विचारत होते की तिथे ते काय उगवलं आहे. तो केनाच होता. त्यांची बायको देवकाबाई हातातलं सूप घेऊन तशीच उभी राहिली. हा केना ह्यांनीच आणून लावला होता, असं ती नंतर छायाला दारापाशी म्हणाली. जानेवारीपासून हे असंच चाललं आहे. दर आठवड्याला एक भाजी विसरतात.

छायाने वही पुन्हा उघडली आणि अंगणात परत जाऊन एकेक नाव विचारलं. ब्लॉगवर येऊन गेलेल्या अकरा भाज्यांपैकी त्यांना एकही ओळखता आली नाही. आघाडा, कुरडू, अंबाडी यांवर नोंदी नव्हत्या. त्यांच्याबद्दल ते भरभरून बोलले.

घरी येताना बसमध्ये तिने सगळं जुळवून पाहिलं: आपण पान उघडलं की नोंद येते, आणि तीच भाजी ते विसरतात. शनिवारी जायचंच नाही असं तिने ठरवलं. पण आपण गेलो नाही तरी नोंद येत असेल तर? ते बघायला ती गेलीच.

पान उघडलं. नेट मंद होतं, ओळी एकेक करून उतरत होत्या. शीर्षक होतं, 'देवका'.

खाली भाज्यांच्या नोंदींसारख्याच भाषेत लिहिलं होतं. डाव्या भुवईवर विळ्याची खूण आहे, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तूर कापताना लागली. हसताना पदर तोंडाशी नेते. आवाज...

पुढची ओळ उतरायच्या आत छायाने डोळे मिटले. मग स्क्रीनच्या त्या भागावर हात धरून तिने फॉलो बंद करायची जागा शोधली आणि बटण दाबलं. पान पांढरं झालं. तिने पुन्हा उघडून पाहिलं. आता तिथे काहीच नव्हतं, केनासुद्धा नव्हता.

तिथूनच ती पुलगावची बस धरून नाचणगावला गेली. प्रभाकरराव ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला ओळखलं आणि आत हाक दिली, "देवका, बाई आल्या."

छाया ओट्याच्या पायरीवरच बसली.

चहा देताना देवकाबाई वाकली, तेव्हा ते तिच्या कपाळाकडे निरखून पाहत राहिले. "ही खून कायची वो?" त्यांनी विचारलं.

देवकाबाईने छायाकडे एकदा पाहिलं. मग नवऱ्याजवळ बसून तिने सगळं सांगितलं. तूर, विळा, आणि त्यांनी आपल्या धोतराची चिंधी फाडून बांधली ते. सांगतासांगता ती हसली आणि पदर तोंडाशी गेला. तेही हसले, पण दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकल्यासारखे.

त्यानंतर त्यांच्या आठवणीतलं काही गेलं नाही. गेलेलं मात्र परत आलं नाही. छायाने कॅफे सोडला. आता शनिवारी ती वही घेऊन नाचणगावला जाते आणि एकेक नोंद वाचून दाखवते. प्रभाकरराव त्या भाजीचं पान हातात धरून ऐकतात, चुरगाळून वास घेतात, आणि दर वेळी विचारतात, "कोन लिह्यते हे? मानूस लय फिरलेला दिसते."