टाचणीएवढं टिंब

“रक्तसुद्धा आलं नाही, बाबा,” हातमोजा काढून तळहात पुढे करत ती म्हणाली.

फिटरने चष्मा नाकावर नीट बसवला आणि लेकीचा हात दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या बुडाशी टाचणी टोचल्यासारखं एक टिंब होतं. बस्स, तेवढंच.

कारखान्यात पाण्याने पोलाद कापायचं यंत्र आलं, तेव्हा सगळ्यात जास्त चेष्टा त्यानेच केली होती. “उद्या फुंकर मारून भिंती पाडा,” म्हणायचा. पण बारीक वाळू मिसळलेल्या पाण्याची ती सुतासारखी धार जाडजूड प्लेटा लोण्यासारख्या कापू लागली, आणि यंत्र चालवायला त्याच्याच लेकीला निवडलं, तशी त्याची भाषा बदलली. जेवणाच्या सुट्टीत कुणालाही धरून सांगायचा, “लोखंडाशी झुंजण्यात जन्म माझा गेला, आणि त्याला पाणी पाजलं ते माझ्या पोरीनं.”

त्या सकाळी पंपाजवळ नळीच्या एका जोडातून पाणी झिरपत होतं. नेमकं कुठून ते दिसेना, म्हणून तिने नळीवरून हात फिरवला. धार तिला दिसलीच नाही. नुसता चटका बसला.

“शिकवायला आलेले लोक म्हणाले होते, असं झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात जा,” ती म्हणाली. “वर दिसतं त्यापेक्षा आत जास्त असतं म्हणे.”

“अगं, पाणीच ना ते?” त्याने आपली अर्धी उरलेली करंगळी तिच्यासमोर नाचवली. “ही प्रेसमध्ये गेली तेव्हा मी माझ्या पायांनी चालत दवाखाना गाठला. लागलं की कळतं माणसाला. मलम लाव, पट्टी बांध. जोड मी बदलून देतो. माल आजच जायचाय.”

ती घुटमळली. “नक्की ना?” तिने विचारलं, आणि उत्तराआधीच हसली. बाबा म्हणाले म्हणजे झालं, हे लहानपणापासूनचं होतं. तिने पट्टी बांधली.

दुपारी हात टम्म फुगला. बोटं निळी पडत गेली. आईबाप तिला घेऊन इस्पितळात पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि एका हाताने दुसरा हात उचलून धरत ती चालत होती.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून ते टिंब पाहिलं. “कधी झालं हे?”

“सकाळी.”

“मग इतका वेळ काय केलंत? कुणाला सांगितलं नाहीत?”

बापाने तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली. “नाही. कुणालाच नाही. मला वाटलं, काहीतरी टोचलं असेल.” बोलताना तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाणी आतल्या आत पार मनगटापर्यंत शिरलं होतं. डॉक्टरांनी हात उघडून धुतला, पुन्हा उघडला. जंतू पसरतच राहिले. शेवटी मनगटापासून हात काढावा लागला.

घरी आल्यावर आईचं दुःख बोलण्यातून बाहेर पडू लागलं. भात कालवून देताना, वेणी घालताना तिचं तेच. “तुझा बाप तिथंच होता गं. एका शब्दाने सांगायचं होतंस. कुणाचं ऐकायचं म्हणून नाही.”

“चुकलं, आई,” लेक म्हणायची.

एकदा आई पुन्हा सुरू झाली, तशी फिटरने ताट बाजूला सारलं. “ऐक जरा. तिने मला...”

“बाबा,” लेक मध्येच म्हणाली, “जेवून घ्या.”

आई मोरीत भांडी घासायला गेल्यावर तो लेकीजवळ येऊन बसला. “माझ्या वाटणीचं तू किती दिवस ऐकून घेणार? सांगू दे मला.”

“सांगून हात येणार आहे का?”

“तसं नाही गं...”

“आईला रागवायला कुणीतरी हवंय. माझ्यावर रागावते आणि मग माझ्याच उशाशी येऊन बसते. तुमच्यावर रागावली तर ती कुणाजवळ बसेल, बाबा? आणि तुम्ही?”

तिचा डावा हात त्याने हातात घेतला. तो तिने थोडा वेळ राहू दिला.

पुढे कारखान्याने तिला पुन्हा बोलावलं, आता यंत्रावर नाही, संगणकावर नकाशे काढायला. पहिल्या दिवशी ती दाराशी स्टुलावर बसून बुटाच्या नाडीशी बराच वेळ झगडली. मदत करा असं म्हणाली नाही. शेवटी तोच गुडघे टेकून खाली बसला.

डबा घेऊन आई मागून आली. दोघांकडे बघून म्हणाली, “बघ, तुझ्यापायी या वयात बापाला वाकावं लागतंय.”

“हो ना,” लेक म्हणाली.

त्याने एका बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्याची. “घट्ट झाली का?”

“नाही. बरोबर आहे.”

नाडीची लोंबती टोकं त्याने एकेक करून बुटात खोचली, आणि तिने पाय मागे घेतला तरी तो तसाच खाली बघत बसून राहिला.