बास म्हणाली होतीस का?

श्रीमंतांच्या बोटीवर काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत भलतंच काहीतरी चमकतं. त्यांना वाटतं, मी गॉगल लावून डेकवर पडलेली असते आणि कोणीतरी मला सरबत आणून देतं. अहो, सरबत मी देते. आणि दिल्यावर त्या ग्लासाचं ओलं वर्तुळ उमटलं की ते पुसणारीही मीच. पाच वर्षं झाली, समुद्रापेक्षा मी फडकीच जास्त पाहिलीत.

या धंद्यात मला आणलं दादाने. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो आधीपासून एका यॉटवर, म्हणजे अशाच एका श्रीमंती बोटीवर, डेकवर कामाला होता. सुट्टीला आला की पांढरा शर्ट, उन्हाने भाजलेले हात आणि बोलण्यात सगळी बंदरं. मी तेव्हा एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालत होते. तो म्हणाला, "घड्याच घालायच्या तर मोठ्या लोकांच्या घाल. चल माझ्याबरोबर."

बाबा तयार नव्हते. पोरीची जात, बोटीवर परके लोक, वगैरे. दादाने समोर बसून शब्द दिला. "काका, माझी सख्खी बहीण समजून सांभाळीन. तिला काही झालं तर मला विचारा." आई लगेच विरघळली. त्या दिवसापासून तिचं एक पालुपद झालं, "दादा आहे ना तिथे, मग मला घोर नाही."

आधी कोर्स केला. त्यात लाईफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायला लावतात आणि धुराने भरलेल्या खोलीतून रांगत बाहेर काढतात. मग बंदरावर बोटीबोटीपुढे जाऊन काम मागितलं. दादाची बोट तेव्हा दुसरीकडे होती. "आज काही काम आहे का?" एवढंच विचारायचं, तेही हसून. दहा जण नाही म्हणायचे, अकरावा म्हणायचा, "चपला काढ आणि वर ये." यॉटवर सगळे अनवाणी. लाकडावर डाग पडला तर मालकाच्या आधी कॅप्टनला घेरी येते. मी कापसाच्या काडीने नळांच्या खाचा साफ केल्या, रेलिंग इतकं घासलं की त्यात माझेच दात दिसायचे. मग दादाने त्याच्या कॅप्टनच्या कानावर घातलं आणि मी त्याच्या बोटीवर लागले. खाली एक खोली, तिच्यात झोपायला एकावर एक दोन बाकं, उठून बसलं की डोकं छताला. पण मी खूश होते. खोटं कशाला बोलू, फार खूश होते.

आणि तिथे मला माझं खरं काम सापडलं.

मोठी यॉट धक्क्याला उलटी लावतात, पाठ धक्क्याकडे करून. कॅप्टन वर पुढे असतो, त्याला बोटीची पाठ दिसत नाही. म्हणून एक जण मागे उभा राहून रेडिओवर अंतर सांगत राहतो. आठ मीटर, सहा, चार. कॅप्टन त्या आवाजावर बोट मागे घेतो. तो वळून पाहत नाही, पाहून उपयोगही नसतो. एकदा नेहमीचा माणूस आजारी होता, कॅप्टनने मला उभं केलं. मी अंतर सांगत गेले आणि शेवटी सवयीने तोंडातून निघालं, "बास!"

सवय बाबांची. बाबा गोदामाच्या आवारात ट्रक मागे घ्यायला उभे राहायचे. "येऊ द्या, येऊ द्या... बास!" लहानपणी डबा द्यायला गेले की मी शेजारी उभी राहून तेच ओरडायचे. बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती, "ड्रायव्हरला मागे डोळे नसतात बाळा. मागे उभं राहणाऱ्याने थापा मारायच्या नाहीत."

कॅप्टन खाली आला, मागचं अंतर पाहिलं आणि म्हणाला, "यापुढे मागे तूच." तो कमी बोलणारा माणूस. सकाळी भेटला तर मान हलवायचा, तेवढाच त्याचा लाड. पण मला कोणी विचारलं की कुठे काम करतेस, तर मी सांगायचे, "मागे." आणि मान ताठ करून सांगायचे.

पुढच्या वर्षी बातमी आली. याच मालकाने दुप्पट मोठी यॉट घेतली होती आणि कॅप्टन तिच्यावर जाणार होता. बरोबर दोघांना नेणार होता. एक मेट, म्हणजे त्याच्या हाताखालचा पहिला माणूस. दुसरा बोसन, म्हणजे डेकवरच्या सगळ्या कामाचा मुकादम. दादा मेट होणार हे जवळपास ठरलेलं. कॅप्टन मला एवढंच म्हणाला, "डेक सांभाळशील?" मी हो म्हणाले. माझ्या माहितीत कुठल्या बाईने बोसनचं काम केलं नव्हतं. मी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "दादाने शब्द टाकला असेल." म्हटलं, असेल बाई.

मग तो दिवस आला. मालक बोटीवर, त्याचे पाहुणे वरच्या डेकवर, आडवा वारा. जागा अरुंद, दोन बोटींच्या मधे. आमच्याकडे एक नियम होता, बोट मागे घेताना रेडिओवर फक्त मागचा माणूस बोलतो. कारण दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दोघांचाही आवाज बुडतो, नुसती खरखर येते. दादा उजव्या बाजूला होता, हातात फेंडर, म्हणजे दोन बोटींच्या मधे धरायची ती हवेची उशी. मी मागे.

"चार. तीन. दोन. बास!"

बोट थांबली नाही. मी पुन्हा ओरडले, रेडिओशिवाय, नुसत्या गळ्याने. वाऱ्यात कोण ऐकतंय? बोटीची पाठ धक्क्याच्या दगडाला घासली. तो आवाज असा की दातांत कळ गेली.

मी वळून पाहिलं. दादाच्या तोंडापाशी रेडिओ होता आणि त्याचा अंगठा अजून बटणावर. मालक वरून पाहतोय म्हणून साहेबांनी तोंड उघडलं होतं. काय बोलला माहितीय? नंतर त्यानेच सांगितलं, "वा कॅप्टन, एकदम झकास चाललंय." नेमकं माझं बास त्याच्या झकासखाली गाडलं गेलं.

कपडे धुवायच्या खोलीत त्याने मला गाठलं. इस्त्री तापत होती आणि हा घामाने थबथबलेला. "चूक झाली गं. पण हे कॅप्टनला कळलं तर मला तो इथेच उतरवेल. तुझ्या वहिनीला सहावा महिना लागलाय, तुला माहितीय."

"मग मी काय करू?"

"सांग की तू बोलली नाहीस. वाऱ्यामुळे अंदाज चुकला म्हण. तू त्याची लाडकी, तुला दोन शब्द ऐकवेल आणि विसरेल. हंगाम संपला की मी स्वतः जाऊन खरं सांगतो. आईची शपथ."

राग आला होता मला. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे आमची बैठकीची खोली आली. बाबांसमोर बसलेला हा, सख्खी बहीण म्हणणारा. वहिनी आली, तिचं पोट आलं. म्हटलं, घरचाच माणूस आहे. आज मी त्याचं झाकलं तर उद्या तो माझं झाकेल.

कॅप्टनने मला वर बोलावलं. दरवाजा लावला. सरळ विचारलं, "बास म्हणाली होतीस का?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं." मी निघाले तेव्हा त्याने मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मागे दुसरा माणूस. मी पुढच्या डेकवर, हातात फडकं. म्हटलं, चालतंय, हंगाम संपेपर्यंतच तर आहे. बंदराला लागताना मागून चुकीचे आकडे ऐकू यायचे, तीनला अडीच आणि अडीचला तीन, आणि मी दात खाऊन रेलिंग घासायचे.

हंगाम संपला. दादाने बॅग भरली. मी दारात उभी राहिले. "सांगितलंस?"

तो शर्टाची घडी घालत होता, नीट, बाही आत घेऊन. ती घडी मीच त्याला शिकवली होती. "आता कसं सांगू गं? नवी बोट, नवी जागा, सुरुवातच अशी करायची? जरा बस्तान बसू दे. मग तुलाही तिकडेच बोलावून घेतो." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. बोसन म्हणून कॅप्टनने बाहेरचा माणूस घेतला.

मी जुन्याच बोटीवर राहिले. नवा कॅप्टन आला, त्याने जुन्याला फोन करून चौकशी केली असणारच, या धंद्यात तीच पद्धत. मला त्याने मागे फिरकूही दिलं नाही. "तू केबिन बघ," म्हणाला. म्हणजे फिरून फिरून मी पुन्हा घड्या घालायला.

तेही गिळलं असतं. पण एक दिवस आईचा फोन आला. वहिनीला मुलगी झाली, सगळं सुखरूप. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ते बोट आपटल्याचं कळलं हो आम्हाला. दादाने सांगितलं. त्याने सांभाळून घेतलं म्हणून नोकरी राहिली तुझी. त्याचे उपकार विसरू नकोस."

"बाबांना सांगितलं?"

"त्यांच्यासमोरच बोलला. ते नुसते उठून गेले."

मी फोन ठेवला आणि एका चादरीची घडी घातली, उलगडली, परत घातली. नोकरीत केसाने गळा कापला, ठीक. पण माझ्याच घरात बसून, माझ्याच बापासमोर? मी बास म्हटलं नाही असं बाबांना सांगायचं? माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्याला फोन लावला तर उचलला नाही. मग मेसेज आला, 'बाळाच्या गडबडीत आहे, निवांत बोलू.' निवांत कधीच आलं नाही.

पुढच्या हंगामात आम्ही एका बंदरात उभे होतो आणि शेजारची जागा रिकामी होती. दुपारी मोठी पांढरी यॉट वळून आत आली. ओळखायला नाव वाचावं लागलं नाही. धक्क्यावरची रीत अशी की शेजारच्याने उतरून येणाऱ्या बोटीचा दोर धरायचा. माझी बाकीची मंडळी जेवत होती. मी उतरले.

यॉट मागे येऊ लागली. मागे कोण उभा? दादाच. मेट झाला तरी अंतर सांगायला दुसरा धड माणूस मिळाला नसावा. किंवा हौस. रेडिओ तोंडाशी, छाती पुढे. "चार," तो म्हणाला. धक्क्यावरून मला साडेतीन दिसत होतं. "तीन." दोन होतं. त्याची नजर पाण्यावर नव्हतीच, ती माझ्यावर होती. मला पाहून तो गडबडला होता.

माझ्या मनात आलं, लागू दे. खरं सांगते, आलं. एक क्षण मी तोंड मिटून उभी राहिले आणि मला बरं वाटलं. पण पुढच्या क्षणी गळाच आपण होऊन उघडला.

"बास!"

बोट जागच्या जागी थांबली. दगडापासून हातभरावर. दादाने अजून काही सांगितलंही नव्हतं. वारा नव्हता, दुपार शांत होती, आणि वर बसलेल्या माणसाने तो आवाज ऐकून इंजिनावरचा हात मागे घेतला होता.

दोर बांधून झाल्यावर कॅप्टन खाली आला. अनवाणीच धक्क्यावर उतरला. मला पाहून त्याने मान हलवली. गेल्या वर्षापासून मी त्या एका मान हलवण्यासाठी झुरत होते, ते तेव्हा कळलं.

"इतकं अचूक सांगतेस," तो म्हणाला, "मग त्या दिवशी गप्प का राहिलीस?"

दादा आमच्यामधेच उभा होता, दोराची गुंडाळी करत. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. मी वाट पाहिली. मनापासून पाहिली.

"सोडा ना कॅप्टन," दादा हसत म्हणाला. "झालं गेलं. पोरगी घाबरली होती त्या दिवशी."

"मी घाबरले नव्हते," मी म्हणाले. "मी बास म्हणाले होते. याने मधे बटण दाबलं. तुम्हाला झकास म्हणायला."

कॅप्टनने दादाकडे पाहिलं. दादाने गुंडाळी सोडून परत सुरू केली. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

"मग मला नाही का म्हणालीस?" कॅप्टनने विचारलं.

"याने सांगितलं म्हणून. भाऊ आहे माझा."

त्याने बोट आणि दगड यांतल्या हातभर फटीकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, सामान घेऊन ये. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. त्याचा आवाज चिडका नव्हता, उलट मऊ होता, तेच लागलं.

"बोट घासली त्याचं काही नाही. रंगवली, झालं. पण मी दार लावून तुला विचारलं होतं. तू खोटं सांगितलंस आणि मी ते खरं धरून चाललो. उद्या तू मागून म्हणशील, अजून तीन मीटर आहे. मी काय धरू?"

बाबांनीही मला हेच विचारलं असतं. कॅप्टनने दादाला सांगितलं, "यापुढे बोट मागे घेताना तुझा रेडिओ माझ्याजवळ ठेवायचा." आणि वर निघून गेला.

आम्ही दोघंच उरलो. दादाने आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग दबक्या आवाजात म्हणाला, "काय मिळालं सांगून? दोघांचंही गेलं."

"तुझं काय गेलं?" मी विचारलं.

तो विचार करू लागला. खरंच विचार करू लागला, पांढऱ्या शर्टात, नव्या बोटीसमोर, हातात दोर घेऊन. काही आठवलं तर सांगेल म्हणून मी जरा थांबले. मग त्याच्या दोराची गाठ खुंटावर नीट आवळून दिली आणि माझ्या बोटीवर परत गेले. केबिनच्या चादरी बदलायच्या राहिल्या होत्या.