वरचा एक डॉलर

शनिवारी सकाळी चारुदत्तने ड्रॉवर उघडला, तर पांढरं पाकीट जागेवर नव्हतं. पाकिटात एक डॉलरची नोट होती, आणि ती त्याची नव्हती.

नोट शेजारच्या सिल्वांची. सिल्वा मूळचे हवाईचे, सत्तरी ओलांडलेले. १९४२ साली जपानी सैन्य बेटांवर उतरेल या धास्तीने सरकारने तिथल्या साध्या नोटा परत मागवल्या आणि 'हवाई' असं ठळक छापलेल्या, तपकिरी शिक्क्याच्या नोटा दिल्या. बेटं हातची गेलीच, तर तेवढ्याच नोटा रद्द करता याव्यात. जुन्या नोटा जाळायला स्मशानातली भट्टी पुरेना, म्हणून साखर कारखान्याची भट्टी घेतली. एकोणीस वर्षांचे सिल्वा तिथे कामाला होते. एखादा अर्धवट जळका कपटाही उडून जाऊ नये म्हणून धुराड्याला बारीक जाळी होती, हे ते अजून अभिमानाने सांगत. नव्या नोटांतल्या पहिल्या पगाराचा एक डॉलर त्यांनी बावन्न वर्षं जपला होता. उद्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींपुढे चारुदत्त त्यावर बोलणार होता, म्हणून दोन दिवसांसाठी तो त्याच्या हवाली केला होता.

शरयू चहा गाळत होती.

"ते पाकीट? ते काल संजीवच्या रिसेप्शनला दिलं की. तूच वरचा एक डॉलर घालून ठेवला होतास ना? मी नुसते पन्नास घातले. म्हटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा आहेराची आठवण झाली."

"नोट बघितली नाहीस?"

"एका डॉलरमध्ये काय बघायचं?"

चारुदत्तने चहा तसाच ठेवला आणि गाडी फ्रीवेवर घातली. वाटेत तो सिल्वांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होता. एकही धड जुळेना.

लग्नासाठी नागपूरहून आलेल्या, संजीवच्या आई लताकाकूंनी दार उघडलं. मोठ्या नोटा संजीवने कालच बँकेच्या मशीनमध्ये भरल्या होत्या. प्रत्येक आहेरातला वरचा एक मात्र काकू खर्चू देत नसत. ते सगळे डॉलर देवापुढे रचलेले होते. चारुदत्त एकेक उलटत गेला. नवव्या नोटेचा शिक्का तपकिरी होता. तो तिथेच देवापुढे फतकल मारून बसला.

काकूंनी सगळी हकीकत ऐकून घेतली. "न्या बापडे. पण आहेर शून्यावर सोडू नका. दुसरा डॉलर ठेवा."

चारुदत्तच्या खिशातल्या पाकिटात एकच नोट होती, वीसची. त्याने ती ठेवली.

"सत्तर झाले," काकू म्हणाल्या. "पुन्हा शून्यच."

तो गाडीकडे धावला आणि पार्किंगसाठी ठेवलेली पाव डॉलरची चार नाणी घेऊन आला. मग वीसची नोट परत घ्यायला त्याने हात पुढे केला.

"दिलेला आहेर परत घेतात का?" काकूंनी विचारलं.

रविवारी मंडळींपुढचं बोलणं झाल्यावर त्याने नोट सिल्वांच्या हातात ठेवली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. सिल्वांनी नोट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी करून खिशात टाकली.

"आम्ही धुराड्याला जाळी बसवली होती," ते म्हणाले. "तू ड्रॉवरला बसव."