तीन फेऱ्या थांबणारा योद्धा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: १९८४ साल, मसुरे गावातल्या एका घराची मागची पडवी आणि सारवलेल्या जमिनीवर खडूने आखलेलं रणांगण. सुगंधा आणि तिचा थोरला भाऊ सत्यवान पुठ्ठ्याचे योद्धे कापत, वहीत त्यांच्या शक्ती लिहीत आणि कवड्या टाकून लढत. नियम एकच होता. शक्ती जेवढी मोठी, तेवढीच मोठी उणीव तिच्यापुढे लिहायची.

सत्यवानाचं हृदय जन्मापासून अशक्त होतं. एका दुपारी दोघं खेळायला बसले; दुसऱ्या दिवशी त्याला ऑपरेशनसाठी कोल्हापूरला नेणार होते. म्हणून सुगंधाने त्याच्या योद्ध्याला नवी शक्ती लिहून दिली: कितीदाही पडला तरी पुन्हा उठेल.

"आणि उणीव?" सत्यवानाने विचारलं.

"उणीव नाय."

"मगे माझ्यावांगडा कोण खेळतला गो? तूच पयली रडशीत." तो हसला आणि त्याने स्वतःच लिहिलं: पडल्यावर तीन फेऱ्या थांबायचं, मगच उठायचं.

त्या संध्याकाळी त्याचा योद्धा पडला. दोन फेऱ्या झाल्या आणि आईने जेवायला हाक मारली.

"कोल्हापुराक जावन येवन डाव पुरो करूया," तो म्हणाला.

कोल्हापुराहून तो परत आला नाही.

सुतक संपल्यावर आई पडवी सारवायला आली. अर्धा राहिलेला डाव अजून तसाच मांडलेला होता; सारवलं की रणांगण पुसलं जाणार होतं.

"आये, वायच थांब," सुगंधा म्हणाली.

तिने कवड्या टाकून आपली तिसरी फेरी खेळली. आडवा पडलेला सत्यवानाचा योद्धा उभा केला. कवड्या सत्यवान बसायचा त्या बाजूला ठेवल्या आणि मग आईबरोबर तिनेही शेणाच्या पाटीत हात घातला.