अकरा तास वीस मिनिटं

दादाला आकडे तोंडपाठ होते. आठ हजार नऊशे किलोमीटर, थेट विमानाने अकरा तास वीस मिनिटं. "तू नुसती हाक मार, दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या उशाशी," असं तो फोनवर इतक्या सहज म्हणायचा, की धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सात वर्षांत या पठ्ठ्याला ते अकरा तास काही सापडले नव्हते.

अप्पांचं हृदय आता थकलं होतं. डॉक्टरांनी फार तर दहा दिवस सांगितले होते. थोरल्याला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढीच अप्पांची इच्छा होती.

धाकटी विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात बसायची, अप्पांच्याच जुन्या खुर्चीवर. या कामात जागा नुसती धरून ठेवता येते; दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिकीट काढलं नाही, की ती आपोआप सुटते. दादा रोज म्हणायचा, "आजच्यापुरती धर गं, रजेचं बघतोय." ती रोज धरायची, कागद छापायची आणि हॉस्पिटलात धावायची. "मिळाली बघा दादाला जागा, खिडकीची!" अप्पा कागदाची घडी करून उशीखाली ठेवायचे. असे सहा कागद झाले. परतताना दरवेळी तिचं तोंड कडू व्हायचं.

सातव्या दुपारी विमान कंपनीचा निरोप आला: या प्रवाशाचं त्याच तारखेला आमच्याकडे आणखी एक बुकिंग आहे, कोणतं रद्द करायचं ते कळवा. दादाने गुपचूप तिकीट काढलं की काय! वेडीने हसत हसतच खालचा तपशील वाचला. चार जणांची पक्की तिकिटं होती, भलत्याच दिशेच्या एका बेटाची, किनाऱ्यावरच्या हॉटेलासकट. उड्डाण अकरा तास पाच मिनिटांचं.

तोंडावर पाणी मारून तिने दादाला फोन लावला.

"अगं, मुलांची सुट्टी कधीचीच ठरली होती," तो म्हणाला. "आणि डॉक्टर तरी कुठे नक्की सांगतायत? मी धावत यायचं आणि अप्पा ठणठणीत! तू जागा धरत राहा ना. त्यांना तेवढंच बरं वाटतं."

"शी!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. ज्याच्या ताटातलं लहानपणी हक्काने उचलून खाल्लं, त्याचा आवाजही तिला आता कानात नको होता. फोन ठेवून तिने कंपनीला कळवलं, आमचं बुकिंग रद्द करा.

संध्याकाळी अप्पांनी सवयीने हात पुढे केला.

"आज कागद नाही, अप्पा. दादा येत नाहीये. सहा दिवस मी तुम्हाला फसवलं. मला माझीच किळस येतेय."

अप्पांनी उशीखालचे सहाही कागद काढून तिच्या हातात दिले. "तीस वर्षं ती खुर्ची झिजवली मी, पोरी. पक्क्या तिकिटाचा नंबर नसलेला कागद मला ओळखता येत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज एवढी धावत यायचीस."

तेवढ्यात फोन वाजला. दादाच होता. धाकटीने अप्पांकडे पाहिलं. ते टक्क जागे होते.

"झोपलेत म्हणून सांग," अप्पा म्हणाले.