पहिला फोन

तातडीच्या आरोग्यसेवेवर संशोधन करते असं सांगितलं, की लोक विचारतात, म्हणजे तुम्ही डॉक्टर का? नाही. माणसाला दुखायला लागल्यापासून दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत वेळ कुठे गेला, ते मी शोधते. नोकरी धुळ्याच्या कॉलेजात, पण निम्मी हयात खान्देशातल्या ओट्यांवर परक्यांचं रडणं ऐकण्यात गेली. आता थकायला होतं.

कारण उत्तर मला कधीचंच सापडलंय. रुग्णवाहिकेच्या गाडीला उशीर व्हायच्या आधी घरात उशीर झालेला असतो. छातीत कळ आली की आमची माणसं १०८ ला फोन लावत नाहीत, आधी नात्यातल्या शहाण्याला लावतात. कुणाचा भाचा सुरतेला औषधाच्या दुकानात असतो, कुणाचा मेहुणा तलाठी. त्याला न विचारता गाडी बोलावली तर त्याचा मान राहत नाही, आणि मग वर्षभर रुसवा पुरतो. हे मी परिषदांत मांडलं. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तर पारावर उभं राहून सांगितलं. सगळ्यात पुढे माझे वडील, रुपचंद आबा, बसले होते. मान डोलावत होते.

यंदा फाल्गुनात साक्रीकडच्या एका गावात भागाबाईंसमोर बसले होते. त्यांचा नवरा नुकताच गेलेला. रडणाऱ्या बाईपुढे फोन वाजू नये म्हणून मी तो गप्प करून पिशवीत टाकते, ही माझी जुनी रीत. पहिला फोन कुणाला केला, असं विचारलं. त्या म्हणाल्या, दिराला. तो उचलेना, म्हणून वाट पाहिली. मी नेहमीसारखं लिहून घेतलं, चहा घेतला आणि निघाले.

जीपमध्ये बसून फोन काढला. धाकट्या भावाचे, प्रेमराजचे, फोनवर फोन येऊन गेले होते. मी उलट लावला.

"अक्का, आबाना छातीमा दुखी राह्यनं. घाम फुटी राह्यना. काय करू?"

"गाडी बोलावलीस का?"

"तुले इचारानं व्हतं ना. तू उचलीच नही राह्यंती."

मी ओरडले, फोन ठेव आणि गाडी बोलाव. गाडी वेळेत आली. आबा वाचले, पण हृदयाचं काम निम्म्यावर आलं. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. ते थोडं कुठे गेलं, ते मला ठाऊक होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या घरातली शहाणी मीच होते, हे एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आबांना आता शेतापर्यंत चालवत नाही. ओट्यावर बसून आल्यागेल्याला माझ्या फोनचं कौतुक सांगतात, "मनी पोरना फोन ऊना, म्हनीसन मी वाचनू." गल्लीतल्या बायका माझा नंबर मागून घेऊन गेल्या. मी हात जोडून म्हटलं, आधी १०८. सगळ्यांनी माना डोलावल्या.

निघताना प्रेमराजला बाजूला घेतलं. पुन्हा असं झालं तर पहिला फोन कुणाला करशील, असं विचारलं.

"तुलेच," तो म्हणाला. "पन येवढं कर, अक्का. उचलजो."

त्याला रागवायचंही त्राण माझ्यात नव्हतं. तेव्हापासून लोकांच्या सुतकाच्या घरात माझा फोन वाजतो. शरम वाटते, तरी उचलते. पलीकडे कोण आहे ते न विचारता म्हणते, आधी गाडी बोलाव.