दोन्ही टोकं सारखी

लायडनच्या प्रयोगशाळेत फोक्केच्या पोटात दुखायचं ते आर्नाउटच्या विजारीकडे बघून. इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी! आर्नाउट वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून कार्बन डायसल्फाइडच्या रेणूंची एन्ट्रॉपी, म्हणजे ते किती अवस्थांत असू शकतात त्याचं माप, कागदावर काढायचा. तीच फोक्के तळघरात मोजायचा, द्रव हायड्रोजनच्या थंडीत, चौदा महिने. कार्बन डायसल्फाइडचा सडक्या मुळ्यासारखा वास त्याच्या कोटातून जात नव्हता. घरमालकीण त्याला जेवायला वेगळ्या टेबलावर बसवायची.

त्याचं उत्तर आलं छप्पन्न दशांश आठ. आर्नाउटचं होतं अठ्ठावन्न दशांश दोन. आपला आकडा फोक्केने अजून कुणाला सांगितला नव्हता.

"चौदा महिने झाले, तरी उत्तर नाही? फोक्के, कुठेतरी गळतंय बघ तुझं भांडं," आर्नाउट कॉफी ढवळत म्हणाला होता. टेबलाभोवतीचे सगळे हसले, आणि प्रोफेसर होखलांडही हसले. वसंतात सहायकाची एकच जागा निघायची होती. फोक्केच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याचं बरोबर, ह्याचं नेहमीच बरोबर, मग आपलंच चुकलं असणार, असं त्याला वाटलं. खरं तर त्याने भांडं तीनदा तपासलं होतं. गळत कुठेच नव्हतं.

तरी रविवारी दुपारी, सगळं गाव चर्चमधून घरी जाऊन जेवत असताना, त्याने नव्या वहीत 'बाहेरून झिरपलेली उष्णता' असा एक रकाना आखला आणि उत्तर अठ्ठावन्न दशांश दोनवर आणून ठेवलं. निदान निबंधावर दोघांची नावं जोडीने येतील. आर्नाउटला एकट्याला श्रेय काय म्हणून मिळावं?

आर्नाउटने पाठ थोपटली. तीन आठवडे दोघांचं छान जुळलं.

चौथ्या शुक्रवारी आर्नाउट सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"प्रोफेसर, मी गाढव आहे." त्याने दोन्ही टोकं सारखी असलेला अख्खा खडू आडवा धरला. "फोक्के, डोळे मीट. आता उघड. मी खडू उलटा फिरवला की नाही?"

"काय माहीत बुवा."

"तेच तर! मधे कार्बन, दोन्ही टोकांना गंधक. अर्धा फेरा फिरवला तरी रेणू तोच दिसतो. आणि मी त्याच्या दोन वेगळ्या अवस्था मोजत बसलो. सममितीचा विचारच केला नाही! अवस्था निम्म्या, म्हणून एन्ट्रॉपी एक दशांश चारने कमी."

त्याने फळ्यावर लिहिलं, छप्पन्न दशांश आठ.

तो आकडा फोक्केचा होता. तळघरातल्या खणात, जुन्या वहीत, शाईने लिहिलेला.

"तुझ्यामुळेच फसलो रे," आर्नाउट हसत म्हणाला. "तुझं मोजमाप माझ्याशी जुळलं म्हणून मी निर्धास्त झालो. कमी आलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडली असती चूक."

आत्ता बोलावं का? जुनी वही दाखवली तर नवीही दाखवावी लागणार. त्या रकान्याबद्दल काय सांगायचं? आणि आर्नाउट चूक कबूल करूनही वरचढच ठरला, ह्याची आग वेगळीच. फोक्केने दात आवळले.

"मोजताना चुकलं असेल," तो म्हणाला.

"हरकत नाही," होखलांड समजुतीने म्हणाले. "पुन्हा मोज. या वेळी शेजारी आर्नाउटला बसव. किती यायला हवं ते त्याला ठाऊक आहे."

फोक्के जिना उतरून तळघरात गेला. आर्नाउट मागोमाग आला आणि वासाने त्याने नाकाला रुमाल लावला.

"किती महिने लागतील रे?"

"चौदा," फोक्के म्हणाला.